हरभऱ्यात कामगंध सापळा: पहिल्यांदा लावणाऱ्यांसाठी

सांवेर, देपालपूर, महू किंवा देवासच्या बाजूला घरची जमीन आहे, राहणं इंदूर शहरात, आणि शेतीकडे आत्ता कुठे लक्ष द्यायला लागलोय, अशा मराठी घरांसाठी हे लिहितोय. रबीत डॉलर चना किंवा देशी हरभरा पेरला जातो. फुलं दिसायला लागली की कोणीतरी सांगतं, ‘फेरोमोन ट्रॅप (म्हणजेच कामगंध सापळा) लावून टाका.’ सापळे आणले जातात, बांधालगत ठोकले जातात, आणि पुढे त्यांच्याकडे कोणी फिरकत नाही. शेवटी घाट्यांना भोकं पडलेली दिसतात आणि सापळा बदनाम होतो.

सापळा अळी मारत नाही. त्यात घाटे पोखरणाऱ्या अळीच्या पतंगाच्या मादीचा कृत्रिम गंध असतो, त्या ओढीने नर आत येऊन अडकतात. ताप मोजायच्या थर्मामीटरसारखा तो शेतातल्या पतंगांची चाहूल मोजतो, औषध आपल्यालाच द्यावं लागतं. शेतात रात्री पतंगाची मादी काय करते आणि नराला ते कसं कळतं, हे डोक्यात असेल तर सापळ्यातला आकडा वाचता येतो. म्हणून दुकानात जाण्याआधी थोडं रात्रीच्या शेतात जाऊ.

मादी गंध कसा बनवते

घाटेअळीचा, म्हणजे हेलिकोव्हर्पाचा, पतंग दिवसभर पानाआड बसून असतो. अंधार पडला की हालचाल सुरू होते. कोषातून नुकतीच बाहेर आलेली, अजून जोडी न जमलेली मादी एखाद्या शेंड्यावर बसते आणि पोटाचं शेवटचं टोक बाहेर काढते. त्या टोकाशी, आठव्या आणि नवव्या खंडाच्या मधल्या पातळ पडद्यात, तिची गंधग्रंथी असते. पडदा ताणला गेला की ग्रंथी उघडी पडते आणि गंध हवेत उडू लागतो. किडींचे अभ्यासक याला मादीचं ‘बोलावणं’ म्हणतात. ते रात्रीच चालतं, बऱ्याचदा उत्तररात्री.

हा गंध काही साठवून ठेवलेला नसतो, रोज रात्री नवा तयार होतो. अंधार झाल्यावर मादीच्या डोक्यातल्या, अन्ननलिकेखालच्या मज्जागाठीतून एक संप्रेरक सुटतं आणि त्याच्या हुकमाने ग्रंथी कामाला लागते. कच्चा माल असतो पामिटिक आम्ल, १६ कार्बनची साधी चरबी. एक विकर त्या साखळीत ठरावीक जागी दुहेरी बंध घालतं, पुढची विकरं त्याचं अल्कोहोल आणि मग अल्डिहाइड करतात. तयार होतं झेड-११-हेक्साडेसिनॅल. त्याच्या जोडीला थोडंसं झेड-९-हेक्साडेसिनॅल. हिशोब साधारण ९७ ला ३. दोन रेणूंत फरक फक्त दुहेरी बंध कुठे आहे एवढाच.

हे प्रमाण म्हणजे त्या जातीची ओळख असते. हेलिकोव्हर्पाची एक सख्खी बहीण आहे, हेलिकोव्हर्पा असल्टा, ती तंबाखू आणि रसभरीवर येते. तिच्या गंधात हीच दोन संयुगं असतात, पण उलट्या हिशोबात: नऊवालं जास्त, अकरावालं नावाला. भातावरच्या पिवळ्या खोडकिड्याची मादीसुद्धा हीच दोन संयुगं वापरते, तिच्याकडे अकरावाल्याचे तीन भाग आणि नऊवाल्याचा एक. रेणू तेच, प्रमाण बदललं की चुकीचा नर येत नाही. निसर्गाची ही काटेकोर बांधणी मला आजही थक्क करते. दुकानात ल्यूर, म्हणजे सापळ्यात बसवायचं गंधाचं रबरी बूच, घेताना ‘कुठलाही चालेल’ असं का म्हणू नये, याचं उत्तर यातच आहे.

आणि प्रमाण किती? एका मादीकडे एका वेळी नॅनोग्रॅममध्ये मोजावा एवढाच गंध असतो. म्हणूनच या विषयाचा पहिला मोठा शोध इतका जड गेला. जर्मनीचे रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ बुटेनांट यांनी रेशमाच्या पतंगाचा गंध वेगळा काढला तेव्हा सुमारे ५ लाख माद्यांच्या ग्रंथी लागल्या आणि हाती आलं काही मिलिग्रॅम. काम दोन दशकं चाललं. १९५९ साली बॉम्बिकॉल हे नाव जगापुढे आलं. आज आपल्या ल्यूरच्या एका रबरी बुचात काही मिलिग्रॅम कृत्रिम गंध सहज भरलेला असतो.

नर तो कसा पकडतो

नराच्या मिशांवर हजारो बारीक केस असतात आणि केसांच्या भिंतीत सूक्ष्म छिद्रं. हवेतला रेणू छिद्रातून आत जातो. आत पाणीदार द्रव असतो आणि गंधाचा रेणू तेलकट, तो पाण्यात विरघळायला तयार नसतो. तिथे गंध धरून नेणारं प्रथिन त्याला उचलतं आणि मज्जापेशीवरच्या ग्राहकापर्यंत पोचवतं. ग्राहकाला तो बसला की पेशी विद्युतसंदेश धाडते. काम झालेला रेणू विकरं लगेच मोडून टाकतात. तसं झालं नाही तर जुना वास आणि नवा वास यातला फरक नराला कळणारच नाही. नराच्या मेंदूत या एका गंधासाठी मज्जातंतूंचे खास मोठे गुच्छ राखून ठेवलेले असतात, मादीच्या मेंदूत ते तसे नसतात.

आता शेतात सगळ्यात कामाची गोष्ट. वास हवेत सारखा पसरत नाही. वाऱ्याबरोबर तुटक तुटक धाग्यांसारखा वाहतो. नराला धागा लागला की तो वाऱ्याच्या उलट दिशेने झेपावतो. धागा तुटला की पुढे जायचं थांबून आडवा, डावी-उजवीकडे फिरत राहतो. पुन्हा लागला की पुन्हा पुढे. असा वेडावाकडा उडत तो मादीपर्यंत पोचतो, किंवा आपल्या सापळ्यापर्यंत. म्हणजे सापळ्याच्या आजूबाजूची हवा मोकळी हवी आणि वाऱ्याची झुळूक हवी. भिंत, मेहंदीचं दाट कुंपण, उसाचा फड किंवा कडब्याची गंजी शेजारी असेल तर धागे तिथेच विस्कटतात.

पायरी पहिली: खरेदी

दुकानदार विचारेल, ‘कौनसी इल्ली का?’ त्याला ‘चने की’ एवढंच सांगून थांबू नका. पाकिटावर हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा हे नाव आहे का ते स्वतः वाचा. सोयाबीनवरच्या तंबाखूच्या अळीचा, स्पोडोप्टेराचा, ल्यूर दिसायला अगदी तसाच असतो. तो हरभऱ्यात लावला तर सापळा रिकामा राहतो आणि आपण समजतो शेत निरोगी आहे. निमाडात कपाशीला लागतो तो गुलाबी बोंडअळीचा, तोही वेगळा.

पाकिटावरची तारीख बघा. ल्यूर काउंटरवर उन्हात ठेवलेले असतील तर दुसऱ्या दुकानात जा. घरी आणल्यावर बंद पाकिटातच फ्रिजमध्ये ठेवा आणि लागेल तेवढंच फोडा.

सापळा नरसाळ्याचा घ्या: वर झाकण, मध्ये नरसाळं, खाली लांब प्लॅस्टिकची पिशवी. चिकट पत्र्याचे सापळेही मिळतात, पण आपल्याकडे धूळ इतकी की ते दोन दिवसांत मातीने भरतात. नजर ठेवण्यासाठी हेक्टरी ५, म्हणजे एकरी २ सापळे पुरतात. एकरी आठ-दहा सापळे लावले की नर संपतील आणि अळी येणारच नाही, असं कोणी सांगितलं तर मी तरी त्यावर पैसे घालणार नाही. एक नर आयुष्यात अनेक माद्यांशी जुळतो, त्यामुळे बरेच नर पकडले तरी उरलेले पुरे पडतात. शिवाय हा पतंग लांबवर उडणारा आहे, शेजारच्या शिवारातून जोडी जमवून आलेली मादी तुमच्या सापळ्याला विचारतही नाही आणि थेट अंडी घालते.

पायरी दुसरी: लावणं

वेळ फुलोऱ्याच्या आधीची. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेरलेल्या हरभऱ्यात झाडं वीतभर झाली, फांद्या सुटल्या, की सापळे उभे करा. घाटे भरल्यावर लावलेल्या सापळ्याचा उपयोग नाही, तोवर अळी आत शिरलेली असते.

बांबू किंवा जाड काठी घट्ट रोवा, वाऱ्याने हलणारी नको. सापळ्याचं तोंड पिकाच्या शेंड्यांपासून साधारण फूटभर वर हवं. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा. हे बहुतेक जण विसरतात आणि जानेवारीत सापळा झाडांत बुडालेला असतो. दोन सापळ्यांत ५० मीटरच्या आसपास अंतर ठेवा. बांधावर नको, शेतात थोडं आत लावा. विहिरीवरच्या दिव्याजवळ अजिबात नको, दिव्याला आलेले भलतेच पतंग मोजत बसाल.

ल्यूर बसवताना हात स्वच्छ हवेत. तंबाखू मळलेला, कांदा चिरलेला किंवा फवारणीचा पंप धरलेला हात रबराला लावायचा नाही. मी पाकीट उलटं करून, पाकिटाच्याच आवरणाने धरून बूच झाकणाखालच्या खाचेत दाबतो. हातमोजे असतील तर उत्तमच. दोन किडींचे ल्यूर एका सापळ्यात घालू नका. एका किडीच्या गंधातलं संयुग दुसरीला दूर ठेवू शकतं, मग दोन्ही आकडे खोटे ठरतात. पिशवीचं खालचं टोक दोऱ्याने बांधा आणि काठीला अडकवा, नाहीतर वाऱ्यात फडफडून फाटते.

पायरी तिसरी: मोजणं

सगळा खेळ इथे आहे. सापळा रोज सकाळी, ऊन चढण्याआधी मोजायला हवा. आपण इंदुरात आणि शेत ३० किलोमीटरवर, मग हे कोण करणार? बटईदार किंवा शेतावर राहणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशी समोर उभं करून दाखवा, आणि रोज सकाळी व्हॉट्सॲपवर पिशवीचा एक फोटो पाठवायला सांगा. फोटोत पतंग पसरलेले दिसले पाहिजेत. मोजून झालं की पिशवी रिकामी करायची, मेलेले पतंग मातीत पुरायचे. एकाच माणसाने मोजावं हे बरं, दोघांच्या नजरा वेगळ्या असतात.

ओळखायचं कसं, तेही सांगतो. पतंग हातावर घ्या आणि उजेडाकडे धरा. पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत साडेतीन ते चार सेंटिमीटर. पुढचा पंख फिकट पिवळट-हिरवट करड्या रंगाचा, त्यावर मध्याच्या थोडं पुढे मूत्रपिंडाच्या आकाराचा एक काळसर ठिपका. मागचा पंख उचलून बघा: फिकट, आणि बाहेरच्या कडेला रुंद काळपट पट्टा. त्या पट्ट्यात एक फिकट डाग दिसतो. ठिपका आणि पट्टा दोन्ही असतील तर तो आपला. बोटांना खवल्यांची भुकटी लागते आणि जुन्या पतंगाचा ठिपका त्यामुळे पुसट होतो, म्हणून ताजे पतंग आधी बघा. पिशवीत अधूनमधून दुसरे पतंग, क्वचित मधमाशीही सापडते. ते आकड्यात धरू नका.

वहीत तारीख, सापळा क्रमांक, संख्या, आणि शेजारी एका शब्दात हवा: थंड, ढगाळ, वारा. ही शेवटची नोंद महत्त्वाची आहे. कडाक्याच्या थंडीत पतंग उडत नाहीत, आकडा एकदम खाली येतो. लोकांना वाटतं कीड गेली. पण थंडी ओसरली की दोन रात्रींत पिशवी भरते. जोराच्या वाऱ्यातही असंच होतं. आणि शेतात कोवळ्या माद्या खूप झाल्या तर खऱ्या बोलावण्यापुढे आपलं रबरी बूच फिकं पडतं, तेव्हा पतंग भरपूर असूनही सापळा कमी दाखवतो.

पायरी चौथी: आकड्यावरून काय करायचं

सलग ३ दिवस एका सापळ्यात रोज ८ ते १० पतंग आले की धोक्याची पातळी समजतात. फवारणीचा पंप मात्र लगेच उचलायचा नाही. आधी शेतात उतरा. चार-पाच ठिकाणी ओळीचा एकेक मीटर निवडा, खाली पांढरं कापड पसरा, झाडं हलकेच हलवा आणि पडलेल्या अळ्या मोजा. मीटरभर ओळीत १-२ अळ्या दिसल्या तर उपाय हवा. शेंड्यांची कोवळी पानंही बघा, मादी तिथे एकेक अंडं सुटं घालते, खसखशीएवढं, पिवळट पांढरं. सकाळी दवात पानं ओली असतील तर थांबा. हरभऱ्याचं ते आंबट दव म्हणजे मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल, हाताला चरचरतं आणि कपड्याला डाग पाडतं.

सापळ्याने दिलेली आगाऊ सूचना याच वेळी उपयोगी पडते. पतंग दिसल्यापासून अळी मोठी होईपर्यंत मोजके दिवस मिळतात, आणि लहान अळीवर सौम्य उपाय चालतात. ५ किलो निंबोळ्यांची भरड रात्रभर पाण्यात भिजवून, सकाळी गाळून १०० लिटरला पुरवली की ५ टक्के निंबोळी अर्क होतो. दुसरा चांगला उपाय एचएएनपीव्ही, घाटेअळीलाच लागणारा विषाणू. बाटलीवरच्या प्रमाणात घ्या आणि संध्याकाळीच फवारा, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तो निकामी होतो. अळी बोटाएवढी होऊन घाट्यात तोंड खुपसून बसली की या दोन्हींचा जोर उरत नाही. रासायनिक औषधाची वेळ आलीच तर कृषी विज्ञान केंद्रात विचारून घ्या, दुकानदाराच्या सल्ल्याने दोन-तीन डबे एकत्र करू नका.

पक्षी थांबे जरूर लावा, एकरी वीसेक, इंग्रजी टी अक्षराच्या आकाराच्या काठ्या. कोतवाल आणि साळुंक्या त्यावर बसून अळ्या टिपतात. घाटे पिवळे पडायला लागले की हे थांबे काढून घ्या.

ल्यूर बदलणं

रबर गंध हळूहळू सोडतं म्हणून ल्यूर टिकतो. साधारण तीन आठवड्यांनी बदला, पाकिटावर वेगळं लिहिलं असेल तर तेच खरं. बदलल्याची तारीख वहीत हवी, कारण नव्या बुचाने आकडा थोडा उसळतो. जुनं बूच शेतात फेकून देऊ नका. ते कितीतरी दिवस थोडा थोडा वास सोडत राहतं आणि नर तिकडे भरकटतात. पिशवीत बंद करून घरी आणा, आणि इंदुरात कचऱ्याच्या गाडीत घातक कचऱ्याचा वेगळा डबा असतोच, त्यात टाका.

असाच संथ गंध सोडायचा उपाय वाघाकडेही आहे. वाघ झाडावर मागच्या बाजूने जो फवारा मारतो त्यात चरबी असते आणि ती वास धरून ठेवते. त्या फवाऱ्याला सुवासिक तांदळासारखा वास का येतो, याचं कारण भारतीय शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी दाखवलं: २-अॅसिटिल-१-पायरोलीन, जे बासमतीत असतं आणि आपल्या आंबेमोहोरातही. मालकीची खूण आणि मादीची तयारी, दोन्ही निरोप त्या फवाऱ्यातून जातात.

परसात आणि गोठ्यात

शेत नाही, गच्चीवर गिलकी, कारली, दोडकी लावलीत आणि फळं आतून सडतात, तर ती फळमाशी. तिचं गणित वेगळं आहे. वेलवर्गीय भाज्यांसाठी क्यू-ल्यूर लागतो, आंबा-पेरूसाठी मिथाइल युजेनॉल. आंब्यावरच्या फळमाशीत गंध नर बनवतो: तो मिथाइल युजेनॉल खातो, पोटात त्याचं रूप बदलतो, पोटाच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत साठवतो आणि संध्याकाळी त्यानेच मादीला बोलावतो. म्हणून नर त्या वासावर तुटून पडतात. तुळशीतही मिथाइल युजेनॉल असतं, कुस्करलेल्या तुळशीवर या माश्या जमलेल्या दिसतात त्या याचसाठी. इथे मात्र बरेच नर मारून उपयोग होतो, कारण आमिष फार जबर आहे, पण मोहल्ल्यात चार घरांनी मिळून लावले तरच. आणि सडलेली फळं रोज वेचून बंद पिशवीत उन्हात ठेवायलाच हवीत, नाहीतर आतल्या अळ्या मातीत उतरतात.

घरी म्हशी असतील तर हाच विषय डोळ्यांनी बघता येतो. माजावरच्या म्हशीचं मूत्र हुंगून रेडा मान वर करतो, वरचा ओठ मागे दुमडतो आणि काही क्षण तसाच थांबतो. त्या वेळी वास तोंडाच्या टाळूतल्या दोन बारीक छिद्रांतून जेकबसनच्या अवयवात ओढला जातो, नाकाच्या तळाशी असलेल्या दुसऱ्या गंधकक्षात. म्हशीत मुका माज नेहमीचा, बाहेरून लक्षण दिसत नाही आणि रेतनाची वेळ हुकते. अनुभवी गवळी म्हणूनच रेड्याच्या वागण्याकडे लक्ष ठेवतात. आशियाई हत्तिणीच्या मूत्रातला असा गंध १९९६ साली ओळखला गेला, आणि तो निघाला झेड-७-डोडेसिनिल अॅसिटेट, जो शंभरावर कीटकांच्या माद्याही वापरतात. हत्ती आणि पतंग एकाच रेणूने बोलावतात.

काढणीनंतर

हरभरा निघाला की सापळे उचला, नरसाळं आणि झाकण साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. पिशव्या फेकून द्या, पुढच्या वर्षी नव्या घ्या. हेच सापळे पावसाळ्यात सोयाबीनला स्पोडोप्टेराचा ल्यूर घालून चालतात, पण धुतल्याशिवाय नाही, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला कायम शाईने किडीचं नाव लिहून ठेवा. जमलं तर दोन्ही किडींसाठी झाकणं वेगळीच ठेवा, प्लॅस्टिकमध्ये मुरलेला वास साबणाने पूर्ण जात नाही.